तिसरा रकाना

साखर पेठेत, चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत
डोळ्यावर फुंकर मारणारं एक मशीन आहे माझ्याकडे.
हनुवटी टेका. हिरव्या ठिपक्याकडे बघा.
फुस्स.
माणसं दचकतात, मग स्वतःलाच हसतात.
आकडा उमटतो : चौदा. सोळा. एकोणीस.
पंचवीस आला की मी पुन्हा फुंकर सोडते,
पुन्हा पंचवीसच आला
तर पेन आपोआप हातात येतं.

काचबिंदूचा संशय. कृपया तपासावे.
संशय हा शब्द मी नीट काढते, अनुस्वारासकट.
घरी गेल्यावर वाचला जातो तो फक्त पहिला.

अनसूया दासरी, विडी घरकुल.
डोळ्याच्या तळाशी नसेच्या तोंडावर एक वाटी असते,
तिची मला जरा खोल वाटली.
सिव्हिलला जा म्हटलं.
गेली. दोन रिक्षा, तीन रांगा,
बाहुलीत थेंब घालून दुपारभर भिंतीला टेकून.
सांजेला दुकानात आली, उजेडाला हात आडवा धरून :
"कायबी नाही म्हणले की ओ मॅडम.
एकेकाची वाटी जन्मापासूनच मोठी असती म्हणे.
हजार विड्या बुडल्या माझ्या."
मी सॉरी म्हणाले.
"सॉरी कशाला, नाही तर नाही," म्हणाली,
आणि सुटे पैसे दोनदा मोजून घेतले.

मग तिथल्या डॉक्टरांचा फोन.
आवाज थकलेला, चढलेला नव्हे.
"बाई, तुमच्या दहा चिठ्ठ्यांत सात जणांना काही नसतं.
ज्याला खरंच आहे
तो त्या सातांच्या मागे उभा असतो व्हरांड्यात."
मला उत्तर सुचलं नाही.
त्या महिन्यात मी हात आखडता घेतला.

त्याच महिन्यात नागनाथ येमूल आला,
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागांवर असायचा.
आकडा एकोणीस.
डाव्या वाटीची खालची कड
खरवडून घेतल्यासारखी दिसली मला. दिसली होती.
पण कानात ते सात जण बसलेले.
जवळचा नंबर दिला, दीडचा. म्हटलं, चांगलंय सगळं.

दीड वर्षानं आला तो मुलाचा हात धरून.
"मधलं झकास दिसतंय की.
धोटा बाजूनं येताना कळंना झालाय."
हा रोग काठाकडून उसवत येतो,
मधली नक्षी शेवटपर्यंत शाबूत ठेवतो,
म्हणून तर कुणी तक्रार करत नाही.
तो मला बोलला नाही काहीच.
मुलगा बोलला : "तुम्हीच म्हणालता, चांगलंय."

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तीन रकाने.
होतं. नव्हतं. कळलं नाही.
पहिला सर्वांत लहान.
तिसरा पान उलटून पुढं जातो,
कारण चिठ्ठी खिडकीतून आत जाते
आणि केसपेपराच्या गठ्ठ्यात निजते.
दोन ओळी उलट लिहायला तिथं कुणाला वेळ आहे?
मी बरोबर होते की चूक,
हे रस्त्यात भेटलेली माणसं सांगतात, भेटली तर.

आता चिठ्ठीवर वाटीचं चित्र काढते,
दोन्ही डोळ्यांचं, शेजारी शेजारी.
आकडा कितीला घेतला तेही लिहिते, सकाळी की संध्याकाळी.
खाली दुकानाचा नंबर :
काहीही निघालं तरी कळवा.
अनसूयाबाई परवा नणंदेला घेऊन आल्या.
"हिचीबी वाटी बघा," म्हणाल्या, रागानंच बहुतेक.

आज शटर अर्धं ओढल्यावर एक जण वाकून आत आला.
फुस्स. एकवीस.
धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.
पुन्हा : वीस.
पुन्हा : एकवीस.
त्याचं लक्ष दाराकडे, सेकंड शिफ्टला जायचंय.
"जरा बसा," म्हणते,
"दिवा मालवते."